दुष्काळातल्या लेकींची आई : पंडिता रमाबाई

केडगाव म्हटलं की कड्याच्या माणसाला नगरचं केडगाव आठवतं. कांदा घेऊन जाताना, दवाखान्याला जाताना ते रस्त्यात लागतं. पण आज सांगायचंय ते केडगाव वेगळं. दौंडहून पुण्याकडं निघालं की मधे एक स्टेशन लागतं, ते हे केडगाव, दौंड तालुक्यातलं. आपल्या भागातले ऊसतोड मजूर ट्रकनं, ट्रॅक्टरनं दरसाल त्या पट्ट्यात जातात. २०२२ पासून कड्यालाही रेल्वे आली, त्यामुळं नगर, दौंड करत तिथवर रुळावरूनही पोचता येतं. या गावात पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं. ते आजही चालू आहे.

शेतीच्या पानावर या बाईंचं चरित्र कशाला, असं कुणी विचारील. विचारावंच. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात समाजसुधारक म्हणून येतं, दोन ओळीत संपतं. पण दुष्काळ आपल्याकडं पाचवीला पुजलेला आहे. दुष्काळात माणसाचं, त्यातही बाईमाणसाचं आणि लेकरांचं काय होतं, हे त्यांच्याइतकं अंगावर घेतलेलं माणूस मला दुसरं माहीत नाही. आणि त्यांनी जे केलं ते जमीन, विहीर, गोठा आणि घाणा यांच्या जोरावर केलं. म्हणून हे पान.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांनी नावं ठेवली, तर ते रानात जाऊन राहिले. पुढं पैसा सरला आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. देवळात, घाटावर पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर जगायचं. रमाबाई शाळेत कधी गेल्या नाहीत. आईनं चालता चालता शिकवलं आणि पुराणं तोंडपाठ झाली.

१८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळ होतं नव्हतं ते विकून झालं, भांडीसुद्धा गेली. मोलमजुरी करायची सवय नाही, भीक मागायची लाज. शेवटी रानात शिरून पाला खाऊन दिवस काढले. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. तेव्हा भाऊ श्रीनिवास पुढं आला, आता मी मजुरी करीन म्हणाला. पण फार उशीर झाला होता. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. कशीबशी दोघं मिळाली, तरी चौथा खांदा पाहिजेच. तो या पोरीनं दिला. उंची कमी, खांद्याला दांडा पोचेना, म्हणून डोक्यावर घेतला. स्मशान दीड कोसावर होतं.

आपल्याकडं ७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून आहेत. खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली. त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

मग बहीण-भाऊ दोघंच पायी हिंडले. हजारो मैल. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरायला काही नव्हतं, तर वाळूत खड्डे खणून आत निजले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. १८७८ ला कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० ला भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. नवरा दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या प्रांताचा. मुलगी झाली, मनोरमा. ती दहा महिन्यांचीही नव्हती तेव्हा, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीनं नवरा गेला. चोवीस वर्षं पुरी व्हायच्या आत बाई विधवा, पदरी तान्ही पोर.

इथून पुढचा भाग बऱ्याच पुस्तकांत आहे, मी भराभर सांगतो. पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला. हंटर कमिशनपुढं साक्ष दिली, बायकांसाठी स्त्री डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात असं सांगितलं. स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीच्या पैशावर १८८३ ला इंग्लंड गाठलं. डॉक्टर व्हायचं होतं, पण कानांनी दगा दिला, ऐकू कमी येऊ लागलं. ते राहून गेलं.

इंग्लंडला त्या ख्रिस्ती झाल्या, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, लेकीसह. हे का झालं, यावर पुष्कळ लिहून झालंय. त्यांना ओढलं ते एका साध्या गोष्टीनं. ज्या जोगिणींच्या मठात त्या उतरल्या होत्या, त्यांच्यातल्या काही जणी लंडनमध्ये वाट चुकलेल्या, समाजानं टाकलेल्या बायकांची सेवा करत होत्या. आपल्याकडं अशा बाईला गावाबाहेर काढतात. इथं तिला जवळ घेऊन अंघोळ घालतात, जेवू घालतात, काम शिकवतात. हे कशाच्या बळावर करता, असं रमाबाईंनी विचारलं, तर त्यांनी येशू आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. ती त्यांच्या मनात घर करून बसली. देवाचं नाव घेणं आणि पडलेल्याला उचलणं ही दोन कामं त्यांनी पुढं कधी वेगळी मानली नाहीत.

पण धर्म घेतला म्हणून गोऱ्यांपुढं मान तुकवली असं नव्हे. पाळकांशी, जोगिणींशी त्या वाद घालत. मला कुणी सांगितलं म्हणून मी मानणार नाही, हा बाणा जन्मभर टिकला. शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या, साध्या पांढऱ्या लुगड्यात राहिल्या.

१८८६ ला अमेरिकेत गेल्या ते आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. गावोगाव भाषणं दिली, इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि तिथल्या लोकांनी रमाबाई असोसिएशन काढून दहा वर्षं विधवांच्या शाळेचा खर्च उचलायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक विधवा मुलगी होती. तिच्याशी १८९३ ला धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं. पुढं हिंगण्याला जे काम उभं राहिलं, त्याच्यामागं ही बाई होती.

१८९३ लाच वादळ झालं. सदनात मुलींवर धर्माची सक्ती नाही असं ठरलं होतं. पण रमाबाई दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली आपणहून येऊन बसत. केसरीनं झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. माझ्या मते दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं होतं. विश्वासानं पोर पाठवलेल्या बापाची काळजी खोटी नव्हती. पण आईनं आपली प्रार्थना दार लावून करावी, ही अट रमाबाईंनी मान्य केली नसती हेही तितकंच खरं.

आता शेतीकडं येऊ.

अमेरिकेच्या मदतीची मुदत दहा वर्षांची, म्हणजे १८९८ ला संपणार. पुढं काय? बाईंनी आधीच विचार केला. दुसऱ्याच्या दारच्या पैशावर संस्था किती दिवस चालणार, स्वतःचं उत्पन्न पाहिजे. म्हणून केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली, फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर मुली शिकवाव्यात या हिशोबानं. पाऊस कमी, जमीन उघडी. तिथं विहिरी खणल्या, झाडं लावली. अनुदान बंद झालं की बंद पडणाऱ्या संस्था आपण पाहतो, शेततळ्याचं प्लास्टिक फाटलं की पुन्हा कुणी बघत नाही. या बाईनं अनुदान चालू असतानाच ते संपल्यावरची सोय केली. योजना राबवणाऱ्या आम्हा लोकांनी हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

बाग पुरती लागायच्या आत १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं किडामुंगीसारखी मरत होती. बातम्या वाचून रमाबाईंना आपलं बालपण डोळ्यांपुढं दिसलं. तो पाला, ती तिरडी. त्या तडक निघाल्या. सरकारी मदतकेंद्रं, अन्नछत्रं स्वतः हिंडून पाहिली. तिथं जे दिसलं ते उपासमारीहून वाईट होतं. आईबाप मेलेल्या किंवा चुकामूक झालेल्या पोरींना उचलून न्यायला, विकायला टपलेली माणसं फिरत होती. कामावरच्या मुकादमाच्या मनात आलं तरच बाईला काम, नाहीतर नाही. अशा सुमारे ३०० मुली-बायका रमाबाईंनी आणल्या.

आणल्या, पण ठेवायच्या कुठं? पुण्यात प्लेगची साथ सुरू झाली होती, सदनात जास्त माणसं ठेवायला मनाई झाली. मग सगळ्यांना केडगावच्या शेतावर नेलं. राहुट्या, झोपड्या, झाडाखालचा आसरा. फळबागेसाठी घेतलेली जमीन अशी लेकरांच्या कामी आली. प्लेगच्या छावण्यांत बायकांची जी आबाळ होत होती, तिच्याविरुद्धही त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारला जाब विचारला. सरकार ख्रिस्ती आहे म्हणून गप्प बसल्या नाहीत.

उपाशी माणूस जगवणं वाटतं तेवढं सोपं नसतं. आपल्याकडं २०१८-१९ ला चारा छावण्या होत्या, तेव्हा हाडाडलेलं जनावर आलं की काही जण दयेपोटी एकदम पेंड-भरडा टाकत. पोट फुगून जनावर जायचं. थोडं थोडं वाढवावं लागतं. माणसाचंही तसंच. त्या मुली अंगावर खरूज, तोंडात फोड, डोक्यात उवा, पोटात काही ठरत नाही अशा अवस्थेत आलेल्या. काही अन्नावर तुटून पडत, चोरून साठवत. किती तरी आल्यावरही वाचल्या नाहीत. त्यांना धुणं-पुसणं, पेज पाजणं, रात्री उशाला बसणं हे काम शारदा सदनातल्या आधीच्या विधवा मुलींनी केलं. ज्यांना घरात अपशकुनी म्हणत होते, त्या दुसऱ्यांच्या आया झाल्या.

२४ सप्टेंबर १८९८ ला मुक्ती सदनाचं उद्घाटन झालं. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला, छपन्नचा म्हणतात तो. गुजरात, राजस्थान होरपळलं. या खेपेला रमाबाईंनी आपल्याच तयार केलेल्या बायका पाठवल्या आणि हजाराहून अधिक मुली आणवल्या. केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. कड्यासारख्या बाजारगावालाही इतक्या माणसांचं रोजचं धान्य-पाणी पुरवताना नाकी नऊ येतील.

ते चाललं कसं? प्रत्येक हाताला काम होतं. शेत, भाजीपाला, गोठा, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, धोबीकाम, छापखाना. सगळीकडं बायका. सकाळी शाळा की काम, याच्या पाळ्या लावलेल्या. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवली. मनोरमाबाई ती परदेशातून शिकून आल्या होत्या. आंधळ्या मुली टोपल्या विणत आणि शिकलेल्या आंधळ्या दुसऱ्यांना शिकवत. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन हे वेगळं घर होतं. लंडनला पाहिलेलं काम ते हेच.

यावर आक्षेप तेव्हाही होता, आजही घेतात. दुष्काळात आणलेल्या मुली पुढं ख्रिस्ती झाल्या, हे खरं आहे. ज्याला ते पटत नाही त्यानं न पटवून घ्यावं. मी स्वतः त्या धर्माचा नाही. पण रस्त्याकडेला पडलेल्या त्या पोरीकडं गाडी घेऊन कोण आलं होतं, एवढं तरी आधी विचारावं.

हे मला आजच का आठवलं, तर परवा एका वस्तीवर पीक पाहणीला गेलो होतो. घरात म्हातारी आणि तेरा-चौदा वर्षांची नात. आईबाप कोयत्यावर गेलेले. पोरगी शाळा सोडून दोन म्हशी बघते. म्हातारी सहज बोलून गेली, पुढच्या हंगामाच्या आत उरकून टाकू म्हणजे तिचाही कोयता होईल. आपल्या तालुक्यात हे नवीन नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. जिल्हा परिषद शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय आहे, ते मी सांगितलं. ग्रामसेवकांनाही कळवलंय. बघू काय होतं.

सरकारनं १९१९ ला रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिलं. पण त्यांचं मन तेव्हा दुसऱ्याच कामात होतं. बायबलचं मराठी भाषांतर फार जड आहे, खेड्यातल्या बाईला कळत नाही, असं त्यांना वाटे. म्हणून पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून त्या साध्या मराठीत भाषांतर करत होत्या. त्याला बरीच वर्षं लागली. मधेच, २४ जुलै १९२१ ला, मनोरमाबाई गेल्या. चाळीस वर्षांची एकुलती एक लेक, आईनंतर सगळं काम पाहणारी. रमाबाई खचल्या, पण मुद्रितं तपासायची थांबल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या.

ते बायबल १९२४ ला पुरं छापून बाहेर आलं. केडगावच्याच छापखान्यात, मुक्तीतल्या बायकांच्या हातून.