खेळ खिशात आणणारा कारागीर : गुनपेई योकोई

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाच्या गावी गेलो होतो. माळा आवरताना एका डब्यात मामाचा जुना ब्रिक गेम निघाला. मामीने तो भंगारात काढला होता, पण मी मागून घेतला. पेन्सिल सेल घातले आणि काय गंमत, तो टुकटुक वाजत सुरू झाला! मामाचा मुलगा मला हसला. मोबाइलवर रंगीत गेम असताना हे काळं काळं काय खेळायचं, असं त्याचं म्हणणं. पण रात्री वीज गेली, मोबाइलची बॅटरी उतरली, तेव्हा तोच माझ्याकडे पाळी मागू लागला.

शाळा उघडल्यावर मी बाईंना विचारलं, की असे हातातले गेम मुलांच्या खिशात आणले तरी कुणी? बाईंनी मला जपानच्या गुनपेई योकोई यांची माहिती वाचायला दिली. मित्रांनो, तीच मी तुम्हांला सांगतो.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी जपानमधील क्योटो शहरी झाला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठात त्यांनी विजेच्या शास्त्राचे शिक्षण घेतले. १९६५ साली ते निन्टेंडो या कंपनीत नोकरीला लागले. ही कंपनी १८८९ सालची. तेव्हा ती फुलांची चित्रे असलेले खेळायचे पत्ते बनवीत असे. पत्ते तयार करणारी यंत्रे नीट चालू ठेवणे, बिघडली तर दुरुस्त करणे, हे योकोईंचे काम.

यंत्रे चांगली चालली की हाताला काम नसे. अशा वेळी त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी एक लांब होणारा हात बनविला. दुकानाचे चॅनल गेट तुम्ही पाहिले असेल. त्याच्या पट्ट्या कात्रीसारख्या एकमेकींवर जोडलेल्या असतात, म्हणून ते ओढले की पसरते आणि ढकलले की मिटते. हा हातही तसाच. मुठी जवळ आणल्या की तो पुढे जाऊन वस्तू पकडतो. एके दिवशी कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला. योकोईंना वाटले, आता बोलणी बसणार! पण अध्यक्षांनी त्याचे खेळणे करायला सांगितले. १९६६ साली ते 'अल्ट्रा हँड' या नावाने निघाले आणि १२ लाखांहून अधिक खपले. तेव्हापासून यंत्रे दुरुस्त करणारे योकोई खेळणी घडवू लागले.

पुढे एकदा ते आगगाडीने चालले होते. एक कंटाळलेला प्रवासी हिशेबाच्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसला होता. योकोईंच्या मनात आले, वेळ घालवायला एवढेसे यंत्र का असू नये? त्या काळी कंपन्यांच्या चढाओढीत कॅल्क्युलेटर स्वस्त झाले होते. त्यांच्याच काचा आणि चिप वापरून १९८० साली योकोईंनी 'गेम अँड वॉच' काढला. त्यात खेळ होता आणि घड्याळही होते. हे गेम एकूण ४ कोटी ३४ लाख विकले गेले.

१९८२ साली त्यांनी आणखी एक युक्ती केली. 'डाँकी काँग' या खेळातल्या माणसाला चहूकडे हलवावे लागे. त्यासाठी दांडी बसवली तर मिटणाऱ्या गेममध्ये ती मावणार कशी? म्हणून त्यांनी अधिक चिन्हासारखे एकच सपाट बटण केले. न बघतासुद्धा अंगठ्याला दिशा कळते, बरं का! अशी बटणे आजही गेमच्या यंत्रांवर दिसतात.

१९८९ साली 'गेम बॉय' आला. त्याचा पडदा हिरवट, रंग नाहीत. दुसऱ्या कंपन्यांचे गेम रंगीत होते, पण ते ६ सेल घालून चार-पाच तासांत बंद पडत. गेम बॉय ४ सेलवर त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ चाले, शिवाय स्वस्त आणि मजबूत. योकोईंचे मत असे, की नव्यात नवी महाग वस्तू शोधत बसू नये. जुनी झालेली, स्वस्त झालेली, गुणदोष ठाऊक असलेली वस्तू घ्यावी आणि तिचा कुणाला न सुचलेला उपयोग करावा. गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाख खपले.

त्यांना अपयशही आले. १९९५ सालचा 'व्हर्च्युअल बॉय' डोळे लावून बघायचा होता. त्यात सगळे लाल आणि काळेच दिसे. खेळणाऱ्यांचे डोके दुखे. तो ८ लाखसुद्धा खपला नाही. पण योकोई हातपाय गाळून बसले नाहीत. १९९६ साली नोकरी सोडून त्यांनी क्योटोतच स्वतःची छोटी कंपनी काढली आणि एकाच पेन्सिल सेलवर चालणारा 'वंडरस्वान' हा गेम आखला. तो १९९९ साली बाजारात आला, पण पाहायला योकोई नव्हते. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी हमरस्त्यावर त्यांच्या मोटारीला अपघात झाला. काय झाले ते बघायला ते खाली उतरले आणि दुसऱ्या मोटारीची धडक बसून ५६ व्या वर्षी मरण पावले.

हे वाचून मला फार वाईट वाटलं, आणि एका गोष्टीचं बरंही वाटलं. माझे वडील विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात. आमचं अंगण भंगाराने भरलेलं असतं. वर्गात वडिलांचा धंदा सांगताना मी हळूच सांगत असे. आता मोठ्याने सांगतो.

मागच्या रविवारी वडिलांनी आणि मी बांबूच्या कामट्या नि जुने नटबोल्ट घेऊन तसा लांब होणारा हात बनवला. दोनदा मोडला, तिसऱ्यांदा जमला. तो वर्गाच्या खिडकीला टांगला आहे. ज्याला बघायचा असेल त्याने जरूर बघावा. चिंचा पाडायला मात्र कुणी मागू नये!