भंडाऱ्याची पोटनिवडणूक : बाबासाहेबांच्या जीवनातील एक पान

आपल्या झाडीपट्टीत दरवर्षी १४ एप्रिलला गावोगाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती साजरी होते. मिरवणूक निघते, भाषणे होतात. महाडचे चवदार तळे, पुणे करार, राज्यघटना व नागपूरची दीक्षाभूमी ह्यांचे स्मरण केले जाते. परंतु बाबासाहेब एकदा आपल्याच भागातून लोकसभेसाठी उभे राहिले होते आणि पराभूत झाले होते, ही गोष्ट तेवढ्या आवर्जून सांगितली जात नाही. विजयाचे स्मारक होते, पराभवाचे होत नाही. तथापि काही पराभव असे असतात की, त्यांतूनच माणसाची खरी उंची कळते. १९५४ सालची भंडाऱ्याची पोटनिवडणूक हा त्यांपैकी एक होय.

बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी लष्करातील शाळेत शिक्षक होते. अस्पृश्यतेचे चटके सोसत मुलाने मॅट्रिक केले, एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. केले आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली थेट न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ गाठले. पुढे लंडनमध्ये अर्थशास्त्र व कायदा ह्या दोन्ही विषयांत त्यांनी उच्च शिक्षण घेतले. एवढी विद्या संपादन केल्यावर सुखाची नोकरी करणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी मात्र आपल्या समाजाची वकिली पत्करली.

मतदानाचा प्रश्न त्यांच्या चिंतनाच्या केंद्रस्थानी होता. अस्पृश्यांचा प्रतिनिधी अस्पृश्यांच्याच मतांनी निवडला जावा, म्हणून गोलमेज परिषदेत त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितला. संयुक्त मतदारसंघात राखीव जागा असली, तरी निवड शेवटी बहुसंख्य समाजाच्या हाती राहील, ही त्यांची भीती होती. १९३२ साली गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले आणि त्यांचे प्राण वाचविण्यासाठी बाबासाहेबांनी पुणे करारावर सही केली. राखीव जागा वाढल्या, परंतु मतदारसंघ संयुक्तच राहिला. ह्या तडजोडीची किंमत आपल्यालाच एक दिवस मोजावी लागेल, असे त्या वेळी कोणाला वाटले असेल?

१९४२ साली नागपूरच्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली. १९४६ साली घटना समितीत जाण्याची वेळ आली, तेव्हा मुंबई प्रांतात त्यांच्यासाठी दार बंद होते. तेव्हा बंगालमधील त्यांचे सहकारी जोगेंद्रनाथ मंडल ह्यांनी पुढाकार घेतला आणि बाबासाहेब बंगालमधून निवडून आले. परप्रांतातील सहकाऱ्यासाठी झटणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. पुढे ते स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री व घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. १९५१ साली हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

नंतर पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. उत्तर मुंबई हा त्या वेळी दोन सदस्यांचा मतदारसंघ होता : एक जागा सर्वसाधारण, दुसरी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते असत आणि ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. प्रत्येक उमेदवाराच्या चिन्हाची निराळी पेटी असे. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या, तर त्यांतील एक बाद होई. फेडरेशनने समाजवादी पक्षाशी युती केली. सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता आणि राखीव जागेसाठी बाबासाहेब अशी जोडी होती. दोघेही पडले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर ह्यांनी बाबासाहेबांचा १४,५६१ मतांनी पराभव केला. हजारो मते वाया गेली होती. एक मत मुद्दाम कुजविण्याचा प्रचार विरोधकांनी केल्याचा आरोप झाला आणि त्यावरून निवडणूक अर्जही दाखल झाला. त्यानंतर बाबासाहेब मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले.

इकडे भंडारा जिल्ह्यात निराळेच प्रकरण चालू होते. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता आणि भंडारा मध्य प्रदेशात. १९५२ साली येथूनही दोन खासदार निवडले गेले होते. सर्वसाधारण जागेवरील चतुर्भुज जसानी हे ज्या बिडी कंपनीत भागीदार होते, तिचे सैनिकांच्या उपाहारगृहांना बिड्या पुरविण्याचे करार सरकारशी होते. दुसरीकडे, महानुभाव पंथाची दीक्षा घेतलेल्या गंगाराम ठवरे ह्यांचा राखीव जागेचा अर्ज, ते आता महार राहिले नाहीत, असे म्हणून फेटाळण्यात आला होता. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने जसानींना अपात्र ठरविले, ठवरे महारच आहेत असा निर्णय दिला आणि सबंध निवडणूक रद्द केली. आपल्या भागातील बिडी आणि आपल्या भागातील पंथ, दोन्ही अशा रीतीने देशाच्या कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसले.

पोटनिवडणूक मे महिन्यात होती. मुंबई राज्याचे राज्यसभा सदस्य असलेले बाबासाहेब शेजारच्या राज्यातील ह्या मतदारसंघात राखीव जागेसाठी उभे राहिले. सर्वसाधारण जागेसाठी पुन्हा अशोक मेहता होते, आता प्रजा समाजवादी पक्षाचे. बाबासाहेबांची प्रकृती ढासळली होती. मधुमेह होता, पाय दुखत, चालताना आधार लागे. त्यात आपल्याकडचा वैशाख! तेंदूपानांचा हंगाम चालू, माणसे पहाटेच रानात जाणारी. अशा दिवसांत त्यांनी जिल्ह्यात सभा घेतल्या. केवळ आपल्या समाजाच्या गाऱ्हाण्यांवरच ते बोलले असे नाही. नेहरू सरकारच्या परराष्ट्र धोरणावर व कारभारावरही त्यांनी कडक टीका केली. खेड्यातील मजुरालाही देशाचा प्रश्न समजावून सांगितला पाहिजे, अशी त्यांची धारणा असावी.

ह्याच प्रचारातील एक गोष्ट त्या काळच्या कार्यकर्त्यांच्या आठवणींतून सांगितली जाते. फेडरेशनच्या काही कार्यकर्त्यांनी मांडलेला हिशेब सरळ होता. आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे मत कुजवावे. म्हणजे बाबासाहेबांचा विजय सोपा होईल. मुंबईत विरोधकांनी जे केले, तेच आपण केले तर बिघडले कोठे? बाबासाहेबांनी ही सूचना साफ धुडकावली. ज्याने प्रत्येक माणसाला मताचा अधिकार देणारी घटना तयार केली, त्यानेच मत वाया घालवा असे सांगणे त्यांना अशक्य होते. पराभव झाला तरी चालेल, पण दुसरे मत अशोक मेहतांना गेलेच पाहिजे, असे त्यांनी बजावले.

निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब पडले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर ह्यांनी त्यांच्यावर आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी मात केली. सोबत्याला मते द्या म्हणून सांगणारा हरला आणि सोबती लोकसभेत गेला. बाबासाहेबांच्या अनुयायांची दुसरी मते मेहतांना मिळाली असणार, परंतु सवर्ण मतदारांची दुसरी मते त्या प्रमाणात बाबासाहेबांकडे वळली नाहीत, असाच ह्या निकालाचा अर्थ लावावा लागतो. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी बोलून दाखविलेली भीती आपल्या भंडाऱ्यात खरी ठरली होती.

त्यांनी त्यानंतर पुन्हा लोकसभेची निवडणूक लढविली नाही. मात्र ते खचलेही नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यसभेत त्यांनी परराष्ट्र धोरणावर गाजलेले भाषण केले. डिसेंबरमध्ये ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले. १९५५ साली त्यांच्या फेडरेशनने कायदेमंडळातील राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लक्षावधी लोकांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने इतिहासजमा झाले.

आज आपला अर्जुनी मोरगाव विधानसभेचा राखीव मतदारसंघ आहे. आपल्यापैकी अनेक विद्यार्थी येत्या काळात प्रथमच मतदान करतील. आपले मत क्षुल्लक आहे, एकाने काय होणार, असे म्हणणारे मित्र आपणांस भेटतात. त्यांना भंडाऱ्याच्या ह्या निवडणुकीची गोष्ट जरूर सांगावी. ज्या माणसाला एकेका मताची गरज होती, त्याने दुसऱ्यासाठी मागितलेले मतही वाया जाऊ दिले नाही. ती जागा आपल्या भागाने त्यांना दिली नाही, ही खंत आपण बाळगलीच पाहिजे. पण मताचे मोल त्यांनी येथेच, आपल्या मातीत, पराभव पत्करून शिकविले, हे ऋणही विसरता कामा नये.