विश्लेषण : मॉर्डॉर, गॉन्डॉर, रिव्हेंडेल... टॉल्किन यांना ही नावे सुचली कशी?

कादंबरीकार असो की व्हिडीओ गेम रचणारा, काल्पनिक जग उभे करताना जवळपास प्रत्येकजण एका जागी अडतो. नकाशा काढून होतो, डोंगर-नद्या जागच्या जागी बसतात. पण त्यांना म्हणायचे काय? नुसती चार परकी अक्षरे जुळवली, तर वाचकाला ती जुळवाजुळव लगेच कळते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांनी हे कोडे उलट्या टोकाकडून सोडवले. आधी भाषा, मग ती बोलणारे लोक आणि सर्वात शेवटी गोष्ट, असा त्यांचा क्रम होता. हा क्रम त्यांनी ठरवून स्वीकारला नव्हता. तो त्यांच्या आयुष्यातूनच आला होता.

कोळशाच्या डब्यांवरची गावे

टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील तिथे बँकेत व्यवस्थापक होते. तीन वर्षांच्या रोनाल्डला आणि धाकट्या हिलरीला घेऊन आई मेबल इंग्लंडला आली. मागाहून वडील येणार होते. ते आलेच नाहीत. फेब्रुवारी १८९६ मध्ये संधिवाताच्या तापाने त्यांचे आफ्रिकेतच निधन झाले.

मेबल मुलांना घेऊन बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात राहिली. पाणचक्की, ओढा, झाडे असे ते गाव होते. पुढे हॉबिट मंडळींचा ‘शायर’ हा प्रदेश रंगवताना टॉल्किन यांच्या डोळ्यांसमोर याच भागातली खेडी होती. हे सुख चारच वर्षे टिकले. त्यानंतर बिऱ्हाड शहरात, रेल्वेमार्गाला लागून असलेल्या एका घरात गेले. घरामागून वेल्समधल्या कोळशाच्या मालगाड्या जात आणि डब्यांवर खाणींच्या गावांची नावे रंगवलेली असत : नँटिग्लो, ट्रेडेगार, सेंगेनिद. मुलाला त्यांचा अर्थ कळत नव्हता, उच्चारही नीट येत नव्हता. पण तिकडे कुठेतरी एक आख्खी भाषा आहे आणि तिच्या पोटात ही गावे आहेत, एवढे त्याच्या मनात पक्के बसले. पुढे प्राध्यापक झाल्यावर वेल्श भाषेवरील व्याख्यानातही त्यांनी या डब्यांची आठवण सांगितली.

लॅटिनचे पहिले धडे आईनेच दिले. १९०४ मध्ये मधुमेहाने तीही गेली. तेव्हा इन्सुलिनचा शोध लागायचा होता. बारा वर्षांच्या रोनाल्डचे पालकत्व फादर फ्रान्सिस मॉर्गन या कॅथलिक धर्मगुरूंकडे आले.

छंद होता की अभ्यास?

मामे-मावस भावंडांबरोबर बनावट भाषा रचण्याचा खेळ अनेक मुले खेळतात आणि मोठेपणी विसरतात. टॉल्किन विसरले नाहीत. ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजमध्ये ते १९११ मध्ये दाखल झाले. तिथल्या ग्रंथालयात फिनिश भाषेचे व्याकरण हाती लागले आणि ग्रीक-लॅटिनचा अभ्यास मागे पडू लागला. फिनिशच्या नादावरून ‘क्वेन्या’ ही एल्फ लोकांची भाषा आकाराला आली. दुसरी एल्फ भाषा, जी पुढे ‘सिंडारिन’ म्हणून ओळखली गेली, तिचा बाज वेल्शवरून घेतलेला होता. मालगाडीचे डबे इथे कामी आले.

या दोन्ही भाषांना त्यांनी एक समान पूर्वज भाषा दिली. मूळ शब्दातला कोणता ध्वनी कोणत्या भाषेत कसा बदलेल, याचे नियमही केले. त्यांचा पेशाच तो होता. १९१९-२० मध्ये ते ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या कचेरीत ‘डब्ल्यू’ अक्षरावरच्या शब्दांची कुळे शोधत होते. १९२५ मध्ये ते ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक झाले. त्यामुळे खऱ्या शब्दांना लावायचे नियम ते खोट्या शब्दांनाही तितक्याच कडकपणे लावत. १९३१ मधल्या एका व्याख्यानात त्यांनी या छंदाची जाहीर कबुली दिली, तीही काहीशा संकोचाने.

पहिले शहर युद्धात उभे राहिले

मार्च १९१६ मध्ये टॉल्किन यांनी एडिथ ब्रॅटशी लग्न केले आणि काही आठवड्यांतच ते फ्रान्समधल्या आघाडीवर गेले. सोमच्या लढाईत ते संदेशवहन अधिकारी होते. शाळेपासूनचे चार जिवलग मित्र होते. त्यातला रॉब गिल्सन १ जुलै रोजी, लढाईच्या पहिल्याच दिवशी मारला गेला. जेफ्री स्मिथ डिसेंबरमध्ये गेला. टॉल्किन खंदकांतल्या उवांमुळे होणाऱ्या तापाने आजारी पडले आणि नोव्हेंबरमध्ये मायदेशी परतले.

या आजारपणातच त्यांनी डोंगरांच्या कड्यात लपलेल्या आणि शेवटी शत्रूच्या हाती पडणाऱ्या गॉन्डोलिन या शहराची कथा लिहायला घेतली. शब्दकोश आणि व्याकरण आधीपासून तयार होते. आता त्या शब्दांना राहायला गाव मिळाले. या नावातला ‘गॉन्ड’ म्हणजे दगड. तो पुढे पुन्हा भेटतो.

एकाच जागेला दोन-तीन नावे का?

‘द हॉबिट’ १९३७ मध्ये आले. त्यानंतर सुमारे बारा वर्षे खपून लिहिलेले ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाले. त्यातली नावे सुट्टी करून पाहिली तर कारागिरी दिसते. सिंडारिनमध्ये ‘मोर’ म्हणजे काळा आणि ‘डॉर’ म्हणजे भूमी; म्हणून मॉर्डॉर ही काळी भूमी. ‘गॉन्ड’ला ‘डॉर’ जोडले की गॉन्डॉर, दगडाचा देश. ‘मिनास’ म्हणजे बुरूज. सूर्याचा बुरूज मिनास आनोर आणि चंद्राचा मिनास इथिल अशी दोन शहरे होती. चंद्राचे शहर शत्रूने घेतले तेव्हा ते मिनास मॉर्गुल, म्हणजे चेटकाचा बुरूज झाले आणि उरलेल्या शहराला पहाऱ्याचा बुरूज, अर्थात मिनास तिरिथ म्हणू लागले. दोन नावे बदलली आणि एका पराभवाचा इतिहास सांगून झाला. त्यासाठी वेगळे प्रकरण लिहावे लागले नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे नाव कोणाच्या तोंडचे आहे याचे भान. गॉन्डॉरचे लोक शेजारच्या घोडेस्वारांच्या देशाला रोहान म्हणतात, पण तिथले लोक स्वतःच्या देशाला मार्क म्हणतात. खुजा लोकांनी अभिमानाने वसवलेले खझाद-दूम इतरांच्या तोंडी मोरिया, म्हणजे काळी दरी होते. रोहानमधली नावे टॉल्किन यांनी जुन्या इंग्रजीतून घेतली, शायरमधली साध्या ग्रामीण इंग्रजीतून. शायरच्या पूर्वेला ब्री नावाचे गाव आहे. ते नाव केल्टिक असून त्याचा अर्थ टेकडी. इंग्लंडमध्ये इंग्रजी बोलणारे येण्यापूर्वीच्या लोकांची नावे जशी ठिकठिकाणी उरली आहेत, तशीच ती इथे उरलेली दाखवली आहेत.

सर्वात गमतीची गोष्ट ब्रँडीवाइन नदीची. एल्फ तिला बारांडुइन म्हणत : सोनेरी-तपकिरी मोठी नदी. हॉबिटांना ते नाव परके. त्यांनी त्याचे ‘सीमेवरचे पाणी’ अशा अर्थाचे आपल्या भाषेतले नाव केले, आणि पुढे थट्टेने त्याचेच झिंग आणणारी दारू असे झाले. लोक न कळलेल्या शब्दाला ओळखीचा अर्थ चिकटवतात, ही जगभर आढळणारी खोड टॉल्किन यांनी आपल्या नदीलाही लावली. इतर अनेकांच्या काल्पनिक नकाशांत नेमके हेच नसते. तिथली नावे कोणी कधी वापरलेली वाटत नाहीत.

अनुवादकांवर राग कशासाठी?

या सगळ्यामुळे परभाषांत पुस्तक जाऊ लागले तेव्हा टॉल्किन अस्वस्थ झाले. १९५६ मध्ये डच अनुवादकाने नावेही डचमध्ये आणायला घेतली, तेव्हा त्यांनी प्रकाशकाकडे कडक शब्दांत तक्रार केली. स्वीडिश अनुवादात तर रिव्हेंडेलचे वट्नादाल, म्हणजे पाण्याची दरी झाले. मूळ नावात पाण्याचा संबंध नाही. चिरलेल्या खडकांमधली दरी हा त्याचा अर्थ आहे. हा राग अनाठायी म्हणता येणार नाही, पण ते नुसते चिडून थांबले नाहीत. साठच्या दशकात त्यांनी अनुवादकांसाठी नावांची एक मार्गदर्शिकाच लिहिली. इंग्रजी रूपातली नावे अर्थानुसार आपापल्या भाषेत आणावीत, एल्फ भाषांतली तशीच ठेवावीत, असे तिचे सूत्र होते. ती १९७५ मध्ये, त्यांच्या निधनानंतर छापली गेली.

शिलकीत राहिलेला दगड

वाचक नावांमागे गुपिते शोधत तेव्हा टॉल्किन वैतागत. मोरियाचा बायबलमधल्या मोरियाशी काही संबंध नाही, हे त्यांना स्पष्ट करावे लागले. तो आवाज एका स्कँडिनेव्हियन लोककथेतल्या किल्ल्याच्या नावावरून कानात राहिला होता; अर्थ त्यांनी आपल्या भाषेतून दिला. १९७१ मध्ये गॉन्डॉर हे इथिओपियातल्या गोंदार शहरावरून घेतले का, या प्रश्नालाही त्यांनी उत्तर दिले. लहानपणी कुठल्याशा पुस्तकात त्यांनी वाचले होते की, ब्रिटनमध्ये केल्टिक लोकांच्याही आधी बोलल्या जाणाऱ्या भाषेतले फक्त एक-दोन शब्द उरले आहेत. त्यातला एक होता ‘ऑन्ड’, अर्थ दगड. भाषा गेली, बोलणारे गेले, शब्द उरला. तो मुलाने उचलला होता.

त्याच वर्षी एडिथचे निधन झाले. २ सप्टेंबर १९७३ रोजी टॉल्किनही गेले. ज्या पुराणकथांवर ते १९१६ पासून काम करत होते, त्यांचे पुस्तक अपुरेच राहिले होते. भाषेचा एखादा नियम सुधारला की नावे बदलत, नावे बदलली की कथा मागे जाई. धाकटा मुलगा ख्रिस्तोफर याने ‘द सिल्मारिलियन’ १९७७ मध्ये प्रसिद्ध केले आणि मग १९८३ ते १९९६ या काळात वडिलांचे कच्चे खर्डे बारा खंडांत छापले. गॉन्डॉरचे सुरुवातीचे नाव त्या खर्ड्यांत सापडते. ते नुसते ‘ऑन्ड’ होते.