रने लालिक

रने जूल लालिक (६ एप्रिल, १८६० - मे, १९४५) हे फ्रेंच आभूषणकार व काचशिल्पी होते. दागिन्यांच्या क्षेत्रात कीर्ती मिळाल्यानंतर पन्नाशीच्या सुमारास ते काचकामाकडे वळले.

== सुरुवातीचे जीवन ==
लालिक यांचा जन्म फ्रान्सच्या शांपेन प्रांतात झाला. १८७६ मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर ते पॅरिसमधील सराफ लुई ओकोक यांच्याकडे उमेदवारी करू लागले. पुढे दोन वर्षे इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन ते परतले आणि कार्तिये, बुशरों आदी पेढ्यांसाठी दागिन्यांची रेखाटने करू लागले. त्यानंतर त्यांनी स्वतःचा कारखाना सुरू केला.

== दागिने ==
त्या काळी दागिन्याचे मोल त्यातील हिऱ्यांवरून ठरत असे. लालिक यांनी मात्र शिंग, हस्तिदंत, मीना आणि काच ही स्वस्त साधने सोन्याच्या जोडीला वापरली. चतुर, सर्प, पाने व फुले हे त्यांचे आवडते विषय होते. अभिनेत्री सारा बर्नार यांच्यासाठी त्यांनी रंगभूमीवरील दागिने घडविले. १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाची मोठी प्रशंसा झाली. कालूस्त गुल्बेंकियान यांनी खरेदी केलेला त्यांच्या कलाकृतींचा मोठा संग्रह लिस्बन येथील संग्रहालयात आहे.

== काचकाम ==
काचेची वाट त्यांना दागिन्यांतूनच सापडली. मीना म्हणजे मुळात काचेची रंगीत भुकटी. ती भट्टीत वितळवून धातूवर बसवितात. पाठीमागे पत्रा नसलेल्या, प्रकाश आरपार जाणाऱ्या मीनाकामात लालिक निष्णात होते. १८९० च्या दशकात त्यांनी मेणाच्या साच्याने काच ओतण्याचे प्रयोग केले. धातूच्या मूर्ती ओतण्याचीही हीच पद्धत आहे. मेणाच्या प्रतिकृतीभोवती साचा करून मेण वितळवून काढतात व त्या पोकळीत काच भरतात. वस्तू काढताना साचा फुटत असल्याने अशी प्रत्येक वस्तू एकमेव ठरे.

अत्तर व्यावसायिक फ्रांस्वा कोती यांच्यासाठी कुप्यांचे काम मिळाल्यावर ही पद्धत अपुरी पडली. लालिक यांनी १९०९ मध्ये कॉम्ब-ला-व्हिल येथील काचकारखाना भाड्याने घेतला व १९१३ मध्ये विकत घेतला. धातूच्या साच्यांमुळे एकाच नमुन्याच्या अनेक वस्तू निघू लागल्या. मूळ नमुने मात्र ते शिल्पाप्रमाणेच घडवीत. १९१२ मध्ये त्यांनी केवळ काचवस्तूंचे प्रदर्शन भरविले. त्यानंतर दागिने मागे पडले.

पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी अल्सासमधील विंगेन-सुर-मोदेर येथे नवा कारखाना उभारला. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनातील काचेचे कारंजे, जर्सी बेटावरील सेंट मॅथ्यू चर्चची काचसजावट आणि नॉर्मंडी या जहाजाच्या भोजनगृहातील दिवे ही त्यांची उल्लेखनीय कामे होत.

== अखेरचा काळ ==
दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी अल्सास व्यापल्यावर हा कारखाना लालिक यांच्या हातून गेला. तेथील भट्ट्या पुन्हा पेटण्यापूर्वीच त्यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. त्यांचे पुत्र मार्क यांनी युद्धानंतर कारखाना पुन्हा सुरू केला. विंगेन येथे २०११ पासून लालिक संग्रहालय आहे.