पाषाणाचा पोत टिपणारे राजा दीनदयाळ

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या देवळाला प्रदक्षिणा घालताना ज्याची नजर थोडा वेळ भिंतीवर रेंगाळते, त्याला एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. ऊन भिंतीच्या कडेने तिरपे येत असते तोवर मूर्तींचे अलंकार, हत्तींच्या रांगा, थरांच्या कडा, इतकेच काय, पण पाथरवटाच्या टाकीचे घावही स्पष्ट दिसतात. तेच ऊन समोरून पडू लागले की सारे सपाट होते. देवळाचा खालचा भाग यादवकाळातील, काळ्या घडीव दगडाचा. वरचा भाग पुष्कळ नंतरचा, गिलावा केलेला. तो जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केल्याचे परंपरा सांगते. एकाच वास्तूवर दोन काळांचे दोन पोत असे एकावर एक बसले आहेत.

या देवळाची शास्त्रशुद्ध नोंद पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी केली. दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील त्यांच्या १९३१ च्या ग्रंथात औंढ्याचा समावेश आहे. कझिन्स यांची दृष्टी संशोधकाची. परंतु ते या प्रदेशात फिरत होते त्याच काळात, त्याच निजामी मुलखात, दगड, वस्त्र आणि माणसाची कातडी यांच्याकडे निराळ्या नजरेने पाहणारा एक भारतीय छायाचित्रकार काम करीत होता. लाला दीनदयाळ हे त्यांचे नाव. पुढे ते राजा दीनदयाळ म्हणून सर्वत्र ओळखले गेले.

त्यांचा जन्म १८४४ साली मीरतजवळच्या सरधना येथे एका जैन जवाहिऱ्याच्या घराण्यात झाला. ज्या घरात हिऱ्याचा पैलू आणि सोन्याचा कस पारखण्यावर संसार चालतो, त्या घरातील मुलाच्या डोळ्यांना पृष्ठभाग वाचण्याची सवय लागली असेल, असे मानण्याचा मोह होतो. ते काही असो, मुलगा जवाहिऱ्याच्या पेढीवर बसला नाही. रुरकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात त्याने शिक्षण घेतले आणि १८६६ साली इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी धरली. काम अंदाजपत्रके करण्याचे आणि आराखडे काढण्याचे. भिंतीची जाडी किती, दगड कोणता, सांधा कसा, याचा हिशेब रोजचाच होता. दीनदयाळांच्या छायाचित्रांतील वास्तू कधी कललेल्या दिसत नाहीत, त्यांच्या उभ्या रेषा उभ्याच राहतात, याचे मूळ माझ्या मते या कारकुनीत आहे.

कॅमेरा त्यांच्या हाती आला तो १८७४ च्या सुमारास, म्हणजे तिशीत. इंदूरचे तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी या छंदाला आश्रय दिला. मध्य भारतातील गव्हर्नर जनरलचे प्रतिनिधी सर हेन्री डेली यांनीही उत्तेजन दिले. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्यांचे छायाचित्र घेण्याची संधी दीनदयाळांना मिळाली. सरकारी नोकर असलेला एक हिंदी माणूस एकाएकी साहेब लोकांच्या नजरेत भरला.

मात्र त्यांची खरी कसोटी लागली ती दगडापुढे. त्या काळी छायाचित्र घेणे म्हणजे एक लहानसे लष्करच हलवणे असे. प्रारंभीच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. थर वाळण्यापूर्वी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, तंबूतल्या अंधारात ती धुऊन काढावी लागे. उन्हाळ्यात थर त्याहूनही लवकर वाळे. चांदीच्या क्षाराने बोटे काळी पडत, ती लवकर स्वच्छ होत नसत. काच जेवढी मोठी तेवढेच चित्र मोठे, कारण चित्र वाढवण्याची सोय आजच्यासारखी नव्हती. म्हणून जड काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या आणि तिकाटणे बैलगाडीत लादून देवळापर्यंत न्यावी लागत. पुढे कोरड्या काचा आल्या आणि हा जाच कमी झाला.

या काचेचा एक स्वभाव होता. निळा प्रकाश तिला चटकन दिसे, तांबडा आणि पिवळा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे आकाश पांढरेफटक उतरे आणि तांबूस वालुकाश्म डोळ्यांना दिसतो त्याहून काळा. अशा काचेवर कोरीव कामाचा उठाव आणायचा तर उन्हाची वेळ साधण्यावाचून उपाय नव्हता. सावली फार गडद झाली तर खाचेतला तपशील नाहीसा होई, सावलीच नसेल तर मूर्ती भिंतीत विरघळे. छाप काढण्यासाठी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद वापरीत. त्याच्या गुळगुळीत पृष्ठावर बारीक रेषाही शाबूत राहत. दगडाचा खडबडीतपणा दाखवायला अंड्याच्या बलकाची तुकतुकी लागावी, यातला विरोधाभास गमतीचा आहे.

१८८२ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्यासोबत दीनदयाळ मध्य भारतातील प्राचीन वास्तूंच्या दौऱ्यावर निघाले. ग्वाल्हेर, खजुराहो, सांची या स्थळांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे १८८६ साली ग्रिफिन यांच्या नावाने निघालेल्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. मजकूर साहेबाचा, पण आज तो ग्रंथ उघडला जातो तो चित्रांसाठी. सांचीच्या तोरणांवर नजर फिरवावी: वाऱ्यापावसाने झिजलेला भाग आणि आडोशाला राहून कोरीव राहिलेला भाग यांतला फरक नेमका कळतो. चित्रकाराने तो कदाचित गुळगुळीत करून टाकला असता.

१८८५ च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच सुमारास हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनीही त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले. १८८६ मध्ये सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ उभा राहिला. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे राजपत्र मिळाले आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाचा गौरव झाला. निजामांनी त्यांना 'राजा बहादूर मुसव्विर जंग' हा किताब दिला, त्यांच्या कलेवर एक शेरही रचला.

निजामांच्या राज्यात तेव्हा आजचा सारा मराठवाडा होता. हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, ती १९०३ मध्ये ही फौज विसर्जित होईपर्यंत. या मुलखातील वेरूळची लेणी दीनदयाळांच्या कॅमेऱ्यापुढे आली. येथे दगड वालुकाश्म नव्हे, आपला काळा बेसॉल्ट. प्रकाश गिळणारा हा दगड काचेवर उतरवायला धीर लागतो. कैलास लेण्याच्या चित्रांत कड्याची ओबडधोबड भिंत आणि तिच्यातूनच कोरलेल्या शिखराची घडीव कड शेजारी शेजारी दिसते. एकच दगड, पण एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला देऊळ.

स्टुडिओत मात्र निराळे जग होते. नवाब आणि सरदार किनखाबाच्या शेरवान्या, मोत्यांचे सर, जडावाचे कमरपट्टे घालून बसत. जरीचा भरड उठाव, मखमलीची गडद लव आणि मोत्याचा ओला चमकारा या तिन्ही गोष्टी एकाच काचेवर सांभाळणे सोपे नव्हे. जवाहिऱ्याचा मुलगा येथे आपल्या घरी आला असे म्हणावेसे वाटते. पडद्यातील स्त्रियांसाठी १८९२ मध्ये हैदराबादला त्यांनी स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला आणि तेथील काम एका इंग्रज बाईंकडे सोपवले. त्या काळाचा विचार करता हे पाऊल धाडसाचेच होते.

आणि मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला. मराठवाड्यात पाणी आटले, गुरे मेली, माणसे दाही दिशांना पांगली. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) भागातील दुष्काळ आणि निवारणाची कामे दीनदयाळांच्या स्टुडिओने टिपली. राज्यकारभाराने काय केले याचा पुरावा म्हणून ही चित्रे घेतली गेली, हे विसरता येत नाही. दीनदयाळ बंडखोर नव्हते. ते दरबाराचे माणूस होते आणि दरबाराला हवी ती चौकट त्यांनी दिली. पण काच दरबाराची नोकर नसते. ज्या बारकाईने तिने कमरपट्ट्यावरचे खडे टिपले, त्याच बारकाईने बरगड्यांवर ताणलेली कातडी, भेगाळलेल्या टाचा, विरलेल्या कांबळ्याचे धागे टिपले. निजामाच्या दालनातील मखमल आणि निवाऱ्यातले कांबळे एकाच स्टुडिओच्या पेट्यांत शेजारी शेजारी पडले. मला दीनदयाळांच्या सर्व कामात ही चित्रे सर्वांत अवघड वाटतात. ती पाहताना कसबाचे कौतुक करण्याची लाज वाटते आणि कसब नसते तर ही माणसे आपल्यापर्यंत पोचलीच नसती, हेही नाकारता येत नाही.

१८९६ मध्ये मुंबईला त्यांनी भव्य स्टुडिओ उघडला होता. ग्यानचंद आणि धरमचंद हे दोघे पुत्र व्यवसायात होते. १९०३ च्या दिल्ली दरबारापर्यंत सारे वैभवात दिसत होते. परंतु १९०४ मध्ये धरमचंद वारले. त्या आघातातून वडील सावरले नाहीत. ५ जुलै १९०५ रोजी मुंबईत दीनदयाळांचे निधन झाले. नंतर हळूहळू स्टुडिओचा पसारा आवरला गेला. निजाम महबूब अली खान १९११ मध्ये गेले आणि दरबारचा तो काळही सरला. हलक्या कॅमेऱ्यांमुळे घरोघरी छायाचित्रे निघू लागली होती, काचेच्या पेट्यांना कोण विचारणार?

तरीही पुष्कळ काचा वाचल्या. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २,८५७ काचनिगेटिव्ह संपादन केल्या. २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्या काचा हाताळणे नाजूक काम आहे. काच फुटते हे उघडच आहे, पण तिच्यावरचा चित्राचा पातळ थरही दमट हवेत कडेने सुटू लागतो, चांदी काळवंडते, बुरशी धरते. दगडाची झीज टिपणाऱ्या या काचा आता स्वतःच झिजत आहेत आणि त्यांची झीज रोखण्यासाठी थंड, कोरड्या खोलीत त्या उभ्या रांगेने मांडून ठेवाव्या लागतात.