रेव्हरंड नारायण शेषाद्री : मुखांतलें वचन आणि अंतःकरणांतलें भांडार

आडांत नाहीं तें पोहऱ्यांत येत नाहीं, ही म्हण आमच्या खेड्यांतल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. प्रभू येशू ख्रिस्तानें हीच गोष्ट झाडाच्या व फळाच्या दृष्टांतानें शिकविली. झाड जसें, तसें फळ. आणि अंतःकरणांत जो सांठा, तोच तोंडावाटे बाहेर पडावयाचा. परंतु येथें कोणी म्हणेल कीं, जिभेवर साखर आणि पोटांत कपट अशीं माणसें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत. मग वाणीवरून अंतःकरण ओळखावें कसें? हा प्रश्न खोटा नाहीं. सोनार पिवळें दिसेल तें सोनें म्हणून घेत नाहीं, कसोटीवर घासून पाहतो. वाणीलाही तशाच कसोट्या आहेत. त्या कोणत्या, हें ज्यांच्या श्रमानें जालन्याच्या मुलुखांत शुभवर्तमानाचें बीज रुजलें, त्या रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्या चरित्रावरून आम्ही आज पाहूं.

नारायणराव ब्राह्मण कुळांत जन्मले. डॉक्टर जॉन विल्सन हे 1829 सालीं मुंबईस आले व 1832 सालीं त्यांनीं तेथें एक शाळा काढली. तिचेंच पुढें मोठें विद्यालय झालें. या स्कॉटिश मिशनच्या विद्यालयांत नारायणरावांचें शिक्षण झालें. तेथें त्यांना रेव्हरंड रॉबर्ट नेस्बिट हे गुरु लाभले. नेस्बिटसाहेब परदेशचे खरे, पण त्यांचें मराठी इतकें शुद्ध होतें कीं, त्याविषयीं त्यांची मोठी ख्याती होती. ज्याला परक्या लोकांची भाषा इतक्या कष्टानें आपलीशी करावीशी वाटते, त्याच्या मनांत त्या लोकांविषयीं कांहीं तरी जिव्हाळा असतोच. शिष्यानें गुरूपाशीं इंग्रजी विद्या घेतलीच. पण परक्यासाठीं स्वतःची जीभ नव्यानें घडवितां येते, हा धडाही त्याच्या डोळ्यांपुढें रोज होता.

पहिली कसोटी ही कीं, जें वचन बोलतांना पदरचें कांहीं द्यावें लागतें तें सहसा खोटें नसतें. नारायणरावांनीं 1843 सालीं बाप्तिस्मा घेतला. त्या काळीं या एका कबुलीची किंमत काय होती, याची कल्पना आज आपणांस सहज येणार नाहीं. चार वर्षांपूर्वीं, म्हणजे 1839 सालीं, याच विद्यालयांतल्या पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हां मुंबई शहरांत केवढी खळबळ उडाली होती, आणि किती आईबापांनीं आपलीं मुलें शाळेंतून काढून नेलीं होतीं, हें नारायणरावांच्या समोरचेंच होतें. धर्म बदलणारा मनुष्य जातीबाहेर जाई, घर त्याला बंद होई, आणि वडिलोपार्जित मिळकतीवरचा त्याचा हक्कही बुडे. धर्मांतरामुळें वारसा जाऊं नये असा सर्व ब्रिटिश मुलुखासाठीं कायदा 1850 सालीं झाला. नारायणरावांची कबुली त्याच्या सात वर्षें आधींची. तेव्हां ख्रिस्त माझा प्रभू आहे, एवढे थोडे शब्द उच्चारण्यासाठीं त्या तरुणाला आई, बाप, भाऊबंद, मान व धन हें सर्व पणास लावावें लागलें. ज्या शब्दासाठीं मनुष्य इतकें देण्यास तयार होतो, तो शब्द केवळ ओठांवरचा कसा असेल?

दुसरी कसोटी दुःखाची. भरलेल्या घागरीला धक्का लागला म्हणजे आंत असेल तेंच बाहेर हिंदकळतें. दूध असेल तर दूध, आणि ताडी असेल तर ताडी. नारायणरावांना हा धक्का बाप्तिस्म्याच्या वर्षींच बसला. श्रीपत नांवाचा त्यांचा धाकटा भाऊ, वय सुमारें बारा वर्षें, तोही त्यांच्यामागें मिशनच्या घरीं येऊन राहिला व ख्रिस्ती होण्याची इच्छा दाखवूं लागला. वडिलांनीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत दाद मागितली. न्यायमूर्ति सर अर्स्किन पेरी यांनीं मूल अज्ञान ठरवून त्याला बापाच्या स्वाधीन केलें. भाऊ भावापासून तुटला.

येथें आम्हीं ख्रिस्ती लोकांनीं एक गोष्ट विसरूं नये. त्या बापाचें दुःखही खरें होतें. एक मुलगा गेला, दुसराही हातचा जाणार, अशा वेळीं कोणता बाप स्वस्थ बसेल? त्याला कठोर म्हणणें सोपें आहे, पण तसें म्हणणाऱ्याच्या तोंडून त्याचेंच कठोर अंतःकरण प्रगट होईल. श्रीपत परत आला खरा, पण मिशनच्या घरीं त्याचें अन्नपाणी झालें होतें. म्हणून त्याला जातींत घ्यावें कीं नाहीं यावर शास्त्री मंडळींत मोठा वाद माजला. त्या वेळीं बाळशास्त्री जांभेकर पुढें झाले. हे तेच बाळशास्त्री, ज्यांनीं 1832 सालीं दर्पण हें पहिलें मराठी वृत्तपत्र काढलें. ते ख्रिस्ती नव्हते. मिशनच्या उपदेशाचे ते विरोधक होते. तरीही प्रायश्चित्त देऊन या पोराला घरांत घ्यावें, त्याला दाराबाहेर ठेवूं नये, असें त्यांनीं म्हटलें, आणि त्यासाठीं आपल्याच लोकांचा राग ओढवून घेतला. ज्या वाणीनें आपल्यांतल्या बलवानांसमोर एका असहाय लेकराचा पक्ष घेतला, ती वाणी कोणत्या अंतःकरणांतून आली हें वेगळें सांगण्याची गरज नाहीं. चांगलें फळ दिसलें तर तें आपल्या कुंपणाबाहेरच्या झाडावर आहे म्हणून त्याला कडू म्हणूं नये.

आणि नारायणराव? ज्या समाजानें त्यांना टाकिलें, ज्या दिवसांत त्यांचा भाऊ त्यांच्यापासून गेला, त्याच समाजाकडे पाठ फिरवून ते कोठें दूर जाऊन राहिले काय? नाहीं. 1854 सालीं त्यांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. आणि 1843 पासून मरेपर्यंत सुमारें अर्धें शतक ते आपल्याच देशबांधवांना, आपल्याच मराठी भाषेंत, शुभवर्तमान सांगत राहिले. घागरीला धक्का लागला तेव्हां आंतून काय सांडलें, तें या पन्नास वर्षांच्या उपदेशावरून समजावें.

तिसरी कसोटी सर्वांत कठीण. ज्याच्याकडून आपणांस कांहीं मिळावयाचें नाहीं, त्याच्याशीं आपण कसें बोलतों? साहेबापुढें, सावकारापुढें, पाटलापुढें प्रत्येकाची जीभ मऊ होते. पण दाराशीं उभा राहिलेल्या भुकेल्याशीं ती कशी वळते, हें पाहिलें म्हणजे अंतःकरणाचा तळ दिसतो.

1860 नंतरच्या दशकांत नारायणरावांचें कार्य जालन्यास सुरू झालें. कुंडलिका नदीच्या कांठचें हें गांव तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें व तेथें फौजेची छावणी होती. या मुलुखांत त्यांच्या उपदेशाला कान दिला तो बहुतेक मातंग बांधवांनीं. त्यांना त्या काळीं मांग म्हणत. गांवकुसाबाहेर त्यांचीं झोंपडीं. दोर वळावे, केरसुण्या बांधाव्या, लग्नकार्यांत वाजंत्री वाजवावी, हे त्यांचे धंदे. गांवांत चोरी झाली कीं पहिला संशय त्यांच्यावर. पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्यालाही गांवच्या पोरांनीं अरेतुरे म्हणावें, आणि आईबापांनीं ठेविलेलें नांव अर्धें मोडून हांक मारावी, ही रीत. सावली पडली तरी विटाळ मानणाऱ्या समाजांत नारायणराव लहानाचे मोठे झाले होते. अशा मनुष्यानें या वस्त्यांतून जाऊन देवाच्या पुत्राची गोष्ट सांगावी, हें केवळ विद्येनें होत नाहीं. विद्या मनुष्याला पुष्कळदां चौरंगावर बसविते. खालीं भुईवर बसविणारी दुसरीच शक्ति आहे.

परंतु नुसत्या बोलण्यानें पोट भरत नाहीं, हेंही त्यांनीं ओळखलें. ज्यानें बाप्तिस्मा घेतला त्याला गांवांत काम मिळेना, विहिरीवर पाणी मिळेना, तर त्यानें जावें कोठें? म्हणून नारायणरावांनीं हैदराबादचे दिवाण सर सालार जंग यांच्याकडे जमीन मागितली. सालार जंग मुसलमान होते, एका मोठ्या संस्थानचे कारभारी होते. त्यांनीं विनंती मान्य केली. जालन्याजवळ माळावर ख्रिस्ती लोकांचें नवें गांव वसलें, आणि त्याला नांव दिलें बेथेल. घर सोडून पळतांना याकोबानें दगड उशाशीं घेऊन जेथें रात्र काढली, व जेथें देव आपल्याबरोबर आहे असें त्याला कळलें, त्या ठिकाणाचें हें नांव. त्याचा अर्थ देवाचें घर. ज्यांना गांवांत घर नव्हतें, त्यांच्या वस्तीला देवाचें घर म्हणावें! एका शब्दांत एवढें अंतःकरण मावतें. तेथें मंदिर झालें, शाळा झाली, शेती झाली. आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कोणी अक्षर शिकविलें नव्हतें त्यांचीं मुलें वाचूं लागलीं.

1873 सालीं अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरीं इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली. निरनिराळ्या देशांचे पंडित व धर्मोपदेशक तेथें जमले होते. त्या सभेंत आमचे नारायणरावही होते. विचार करा, प्रिय वाचकहो. तीच जीभ जालन्याच्या वस्तींत दोर वळणाऱ्याशीं बोलत होती, आणि तीच न्यूयॉर्कच्या विद्वानांपुढें बोलत होती. मोठ्यांच्या सभेंत मान मिळाल्यावर पुष्कळांना लहानांची भाषा विसरते. नारायणराव बेथेल विसरले नाहींत. 1891 सालीं त्यांना देवाज्ञा झाली, तोंपर्यंत त्यांचें नांव आणि बेथेलचें नांव हीं जोडीनेंच घेतलीं जात होतीं.

त्यांच्यामागें काळ पुष्कळ पालटला. निजामाचें राज्य 1948 सालीं संपलें. जालना 1981 सालीं स्वतंत्र जिल्हा झाला. स्कॉटिश मिशनची वेगळी मंडळीही राहिली नाहीं, ती 1970 सालीं स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळींत मिळून गेली. पण आड आणि पोहरा यांचा नियम पालटलेला नाहीं.

म्हणून आम्ही आपल्या मंडळ्यांना व विशेषेंकरून आपल्या उपदेशक बंधूंना नम्रपणें विचारतों. आपण रविवारीं प्रार्थनेंत सर्वांना बंधु म्हणतों. सोमवारीं त्याच बंधूचा उल्लेख त्याच्या पूर्वीच्या जातीच्या नांवानें करितों काय? सोयरीक जुळवितांना, ते आपल्यांतले नव्हेत, असे शब्द आपल्या ओट्यावर ऐकूं येतात काय? एकाच वेदीपुढें भाकर घेणाऱ्या दोन कुटुंबांनीं एकमेकांच्या घरचें पाणी नाकारावें, आणि वर आपण जातिभेद सोडला असें सांगावें, याला काय म्हणावें? ब्राह्मणाचा मुलगा मातंगाच्या झोंपडींत बसला, म्हणून आपणांपर्यंत शुभवर्तमान आलें. आणि आपण, ज्यांना कालपर्यंत लोक तुच्छ शब्दांनीं हांक मारीत, तेच शब्द आज दुसऱ्यासाठीं राखून ठेवूं काय? ही गोष्ट लहान नाहीं. हिच्यावर आपल्या साक्षीचें खरेंखोटेंपण ठरतें. गांवांतले लोक आपला उपदेश थोडा ऐकतात; आपण बायकोशीं, गड्याशीं, कर्जदाराशीं, भांडणाच्या वेळीं शेजाऱ्याशीं कसें बोलतों, तें मात्र सगळें ऐकतात.

यावर उपाय जिभेला लगाम घालणें एवढाच नव्हे. पोहरा कितीही घासला तरी आडांतलें पाणी गोड होत नाहीं. आड उपसावा लागतो. गाळ काढावा लागतो. आणि खालून जिवंत झरा फुटावा लागतो. तो झरा ख्रिस्ताच्या आत्म्याचा आहे. या आठवड्यांत प्रत्येकानें रात्रीं निजण्यापूर्वीं दिवसभराचे आपले तीन बोल आठवावे : एक, जो बोलतांना आपल्याला कांहीं सोसावें लागलें, दुसरा, जो रागाच्या वेळीं तोंडून गेला, तिसरा, जो आपल्याहून दुबळ्या मनुष्याशीं बोलला गेला. ते देवापुढें मांडावे, व जेथें कोणाचें मन दुखविलें असेल तेथें सूर्य उगवल्यावर जाऊन क्षमा मागावी.

ज्या प्रभूनें नारायण शेषाद्री यांचें अंतःकरण भरलें, तो आमचींही अंतःकरणें भरो, आणि आमच्या मुखांतून त्याच्या प्रीतीशिवाय दुसरें कांहीं न निघो. आमेन.