डॉ. खानोलकर आणि प्रयोगशाळेत न वाढणारा जंतू

भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव आज प्रामुख्याने कर्करोग संशोधनाच्या संदर्भात घेतले जाते. कुष्ठरोगावरील त्यांचे कार्य त्या मानाने विस्मरणात गेले आहे. या कार्यातील सर्वांत गाजलेला दावा पुढे टिकला नाही, हे त्याचे एक कारण असावे. तरीही त्या दाव्यातून जे निष्पन्न झाले ते मोलाचे होते.

डॉ. खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एम.डी. ही पदवी संपादन केली. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. परळ येथे १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. तंबाखूचे व्यसन आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधावरील त्यांचा अभ्यास याच काळातला. पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक झाले.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्येच शोधला होता. परंतु तो प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता. क्षयाचा जंतू कृत्रिम माध्यमात वाढतो. कुष्ठरोगाचा मात्र त्यात वाढत नसे. जंतूच हाती नसल्याने औषधांची चाचणी आणि लसीची निर्मिती, दोन्ही अडून राहिले होते. एका रुग्णाला वाळीत टाकले की त्याच्यामागे सारे कुटुंब गावाबाहेर जाई, अशा काळातील ही अडचण होती.

डॉ. खानोलकर यांनी रोगाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने अभ्यास केला. हे जंतू त्वचेतील अतिसूक्ष्म चेतातंतूंमध्ये शिरतात आणि तेथून मोठ्या चेतांकडे सरकत जातात, असे त्यांनी मांडले. रुग्णाच्या हातापायांची संवेदना का जाते, याचे उत्तर या वाटेत होते.

जंतूला चेतापेशी प्रिय असतील, तर त्याला त्याच पेशींमध्ये का वाढवू नये? १९५८ मध्ये डॉ. चिं. व्ही. बापट, डॉ. कमल रणदिवे आणि डॉ. खानोलकर यांनी मानवी चेतापेशींच्या संवर्धनात रुग्णाच्या गाठीतील जंतू वाढवल्याचे जाहीर केले. पुण्यात जन्मलेल्या डॉ. रणदिवे या डॉ. खानोलकर यांच्याच विद्यार्थिनी. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या जंतूला आयसीआरसी हे नाव मिळाले. मात्र तो कुष्ठरोगाचा जंतू नसून त्याच कुळातील दुसराच आहे, असे पुढील तपासणीत दिसून आले.

मूळ जंतूचा प्रश्न सुटला तो अमेरिकेत, आणि तोही अनपेक्षित मार्गाने. आर्माडिलो हा अंगावर हाडांचे कवच असलेला तेथील वन्य प्राणी आहे. आपल्याकडील खवल्या मांजराची आठवण करून देणारा, पण त्याच्याशी नाते नसलेला. त्याच्या शरीराचे तापमान माणसापेक्षा काही अंशांनी कमी असते आणि कुष्ठरोगाच्या जंतूला थंड भागच मानवतो. १९७१ मध्ये डॉ. किर्शहाइमर आणि डॉ. एलिनॉर स्टॉर्स यांनी आर्माडिलोमध्ये हा रोग निर्माण करण्यात यश मिळवले. १९७५ मध्ये लुइझियाना राज्यातील रानातल्या आर्माडिलोंमध्येही तो आढळल्याचे प्रसिद्ध झाले. तोवर कुष्ठरोग हा केवळ माणसाचा रोग समजला जात असे. हा जंतू मुळात माणसाकडूनच त्यांच्यात गेला असावा, असे मानले जाते. उलट, अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील अनेक रुग्णांमध्ये आर्माडिलोंमधीलच जंतू असल्याचे २०११ मधील जनुकीय अभ्यासात आढळले.

डॉ. खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर वर्षभरातच, १९७९ मध्ये, डॉ. एम. जी. देव आणि डॉ. बापट यांनी आयसीआरसी जंतूपासून बनवलेली लस मानवी चाचण्यांसाठी सज्ज झाली.

या लसीची मोठी परीक्षा तामिळनाडूत झाली. सुमारे १ लाख ७१ हजार निरोगी स्वयंसेवकांवरील या चाचणीत निरनिराळ्या लसी ताडून पाहण्यात आल्या. त्यांपैकी एकीत बीसीजीसोबत आर्माडिलोच्या शरीरात वाढवलेले, मृत केलेले कुष्ठरोगाचे जंतू होते. १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आर्माडिलोतील जंतूंच्या लसीने सुमारे ६४ टक्के संरक्षण दिले, तर परळच्या त्या जंतूपासून बनलेल्या लसीने सुमारे ६५ टक्के. केवळ बीसीजीने ३४ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळाले. जो जंतू कुष्ठरोगाचा नव्हता, तो अस्सल जंतूच्या तोडीस तोड ठरला होता.

तोपर्यंत बहुविध औषधोपचारांनी रुग्णसंख्या झपाट्याने घटवली होती आणि लसीची निकड ओसरली होती. मूळ जंतू मात्र कृत्रिम माध्यमात आजही वाढत नाही. त्याचा जनुकसंच २००१ मध्ये उलगडला, तेव्हा कारण समजले. त्याची निम्म्याहून अधिक कार्यक्षम जनुके काळाच्या ओघात नष्ट झाली आहेत आणि जगण्यासाठी त्याला दुसऱ्याच्या पेशीचा आश्रय लागतो.